घरच्या चार्जरचें दुखणें



जून महिन्यांतील एक संध्याकाळ डोळ्यांपुढें आणा. रत्नागिरींतील एका घरीं दिवसभर पाऊस कोसळला आहे. मध्यंतरीं दोनदां वीज गेली आणि आली. घरांतील आजोबांना उद्यां सकाळीं कोल्हापुरास डॉक्टरांकडे न्यावयाचें आहे. म्हणजे आंबा घाटाचा चढ आणि सव्वाशें किलोमीटरांच्या वर मजल. पोर्चमध्यें विजेवर चालणारी मोटार उभी आहे, भिंतीवरच्या चार्जरची केबल तिला जोडलेली आहे, आणि मोबाईलवर मात्र अक्षरें उमटलीं आहेत, 'चार्जर ऑफलाइन'. घरांत धांदल उडते. एक जण इंटरनेटवाल्यास फोन करतो, दुसरा वायरमनला बोलावूं पाहतो. तिसरा, जो सर्वांत धाडसी, तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटी उघडावयास निघतो.

या तिघांपैकीं बरोबर कोण? माझें उत्तर असें कीं, तिघांचीही घाई झाली. त्यांनीं प्रथम पोर्चमध्यें जाऊन मोटारीच्या पडद्यावर पाहावयास हवें होतें. ऑफलाइन म्हटलेला चार्जर पुष्कळदां आपलें काम मुकाट्यानें करीत असतो!

हें कोडें उलगडण्यासाठीं या पेटीचें अंतरंग थोडें समजून घेऊं. तिला चार्जर म्हणण्याची रूढी पडली आहे. वास्तविक बॅटरी भरणारें यंत्र मोटारींतच असतें. घरची वीज एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी. बॅटरीस हवी ती डीसी, एकाच दिशेनें वाहणारी. हें रूपांतर मोटार स्वतः करते. भिंतीवरची पेटी म्हणजे एक जाणता स्विच होय. तो वीज सोडण्यापूर्वीं मोटारीशीं बोलून खात्री करून घेतो. हें बोलणें एका बारीक तारेवरून चालतें. मोटार जोडलेली नसतांना त्या तारेवर १२ व्होल्टांचा दाब असतो. केबल जोडतांच मोटार तो ९ व्होल्टांवर उतरविते. वीज घेण्यास सिद्ध झाली म्हणजे ६ व्होल्टांवर आणते. मग पेटींतील मोठा स्विच टक्‌ असा आवाज करून जुळतो आणि प्रवाह सुरू होतो. याच तारेवर पेटी सेकंदास १००० स्पंदनें पाठविते आणि त्या स्पंदनांच्या रुंदीवरून किती अँपिअरपर्यंत वीज घ्यावी हें मोटारीस कळतें. या खुणा आयईसी ६१८५१ या आंतरराष्ट्रीय मानकानें ठरवून दिल्या आहेत. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हा संवाद केबलमधील अर्थिंगच्या तारेवाटें पुरा होतो. ती तार तुटली कीं बोलणें तुटतें आणि वीज बंद होते. या साऱ्या संभाषणांत इंटरनेटचा कोठेंही संबंध येत नाहीं.

हा झाला विजेचा कारभार. त्याच पेटींत दुसरा कारभार चालतो तो बातमीचा. पेटी वायफायनें घरांतील राऊटरशीं, राऊटर फायबरच्या तारेनें बाहेरच्या जाळ्याशीं, आणि तें जाळें दूरच्या एखाद्या शहरांतील सर्व्हरशीं बोलतें. चार्जरनें आणि सर्व्हरनें कोणत्या भाषेंत बोलावें याचा ओसीपीपी नांवाचा एक खुला करार आहे. नेदरलँड्समधील वीजवितरण कंपन्यांनीं स्थापन केलेल्या ई-लाड या संस्थेनें तो प्रथम रचला. त्याची पुष्कळ प्रचारांत आलेली १.६ ही आवृत्ति २०१५ सालीं निघाली. या करारानुसार चार्जर ठराविक अंतरानें 'मी आहें' एवढाच निरोप पाठवितो. त्याचें नांवच हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका. हे ठोके ऐकूं येईनासे झाले कीं मोबाईलवर ऑफलाइन हा शब्द उमटतो. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ इतकाच कीं, बातमी आली नाहीं. परगांवच्या मुलाचें पत्र आलें नाहीं, यावरून मुलगा आजारी आहे असें अनुमान जसें काढूं नये, तसेंच हें.

यास्तव पहिला नियम असा: दोष विजेचा कीं बातमीचा, हें आधीं ठरवावें. मोटारीचा पडदा चार्जिंग चालू आहे असें दाखवीत असेल तर दोष बातमीचा. आजोबांच्या प्रवासास धोका नाहीं, आणि बाकीची चौकशी उद्यां केली तरी चालेल.

बातमीचा दोष शोधावयाचा तो पेटीपासून आरंभ करून क्रमाक्रमानें बाहेर जावें. आपला मोबाईल घरच्या वायफायवर ठेवून चार्जरच्या अगदीं शेजारीं उभें राहावें आणि तेथें इंटरनेट मिळतें का तें पाहावें. आमच्याकडील जुन्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाडजूड. त्या भिजल्या म्हणजे रेडिओलहरींना अधिकच अडवितात. मे महिन्यांत पोर्चपर्यंत पोंचणारें वायफाय जुलैमध्यें पोंचत नाहीं, याचें एक कारण तेथें असूं शकतें. दुसरें असें कीं, पुष्कळ घरगुती चार्जरांना वायफायच्या दोन पट्ट्यांपैकीं २.४ गिगाहर्ट्‌झची एकच पट्टी समजते. मोबाईलला ५ गिगाहर्ट्‌झचीही समजते. त्यामुळें मोबाईल भरपूर रेघा दाखवितो आणि चार्जर बिचारा बहिरा राहतो. अशा वेळीं राऊटरमध्यें २.४ ची पट्टी चालू आहे ना, हें पाहावें. पोर्चच्या बाजूस एक रिपीटर बसवावा, अगर पेटीस सोय असल्यास सरळ तारच ओढावी. तार ओढणें हा उपाय सर्वांत भरंवशाचा. वायफायचा पासवर्ड घरांत कोणी बदलला असेल तर तो चार्जरला कोणी सांगितलेला नसतो, हेंही विसरूं नये.

वीज जाऊन आल्यानंतरचा घोटाळा निराळा. वीज परततांच चार्जर झटकन जागा होतो. राऊटरला आणि फायबरच्या डब्याला मात्र जागें होण्यास कांहीं मिनिटें लागतात. चार्जर हांका मारतो, ओ येत नाहीं. कांहीं चार्जर पुनःपुन्हां हांका मारीत राहतात, कांहीं थकून गप्प बसतात. राऊटर पुरता सुरू होऊन घरांत इंटरनेट येईतों थांबावें. मग चार्जरचा एमसीबी खालीं करून, मिनिटभरानें पुन्हां वर करावा. राऊटरला लहानसा यूपीएस दिला तर हा प्रसंग बहुधा येतच नाहीं. क्वचित् असेंही होतें कीं, वीज गेल्यावर चार्जरचें घड्याळ चुकतें. सर्व्हरची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्रावर मुदतीच्या तारखा असतात. ज्याचें घड्याळ भलतेंच साल दाखवितें त्याला खरें प्रमाणपत्रही खोटें वाटतें आणि तो बोलण्यास नकार देतो. येथें गृहस्थानें करण्याजोगें फारसें नाहीं. उत्पादकाच्या मदत-केंद्रास 'वीज जाऊन आल्यापासून' हे शब्द मुद्दाम सांगावे, म्हणजे त्यांचा शोध आखूड होतो.

आणखी एक दुखणें आहे, तें दोषच नव्हे. चार्जरच्या ॲपवर कोणी रात्रीं ११ नंतर वीज सोडावी असें ठरवून ठेवलेलें असतें आणि मोटारीच्या पडद्यावर दुसऱ्या कोणीं त्या वेळेपूर्वींच वीज घ्यावी असा नेम केलेला असतो. दोन घड्याळांच्या दोन आज्ञा जमल्या नाहींत कीं मोटार उपाशी राहते आणि दोष यंत्रास लागतो. वेळापत्रक एकाच ठिकाणीं ठेवावें. दुसरें काढून टाकावें.

आतां विजेच्या दोषांकडे वळूं. मोटार वीज घेत नाहीं आणि पेटीवर दोषाचा दिवा लागला आहे, अशी स्थिति असली तर पेटीबरोबर आलेली पुस्तिका काढून त्या दिव्याचा अर्थ पाहावा. प्रत्येक उत्पादकाच्या खुणा वेगळ्या. बातमीचा कारभार चालू असेल तर तोच येथें वैद्याचें काम करतो. ओसीपीपीच्या करारांत दोषांचीं ठरलेलीं नांवें आहेत. 'ग्राउंड फेल्युअर' म्हणजे गळतीचें संरक्षण कार्य करून गेलें. 'अंडर व्होल्टेज' म्हणजे दाब उतरला. 'हाय टेम्परेचर' म्हणजे आंत कांहीं तापलें. 'वीक सिग्नल' म्हणजे वायफाय क्षीण. असलें नांव हातीं आलें कीं वायरमनला काय सांगावें हें कळतें.

रत्नागिरीस यांतील अर्थिंगचा प्रश्न विशेष नाजूक आहे. पुष्कळ घरें जांभ्या कातळावर उभीं आहेत. वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गांवीं एप्रिल-मेमध्यें तोच कातळ कोरडा ठणठणीत होतो आणि कोरडा जांभा विजेस वाट देत नाहीं. पावसाळ्यांत उत्तम असलेलें अर्थिंग उन्हाळ्यांत निकामी ठरतें. त्यांतून समुद्रावरची खारी हवा लोखंडी नळीचे व तारेचे सांधे गंजविते. पुष्कळ चार्जर अर्थिंग तपासतात आणि तें नीट नसेल तर वीज सोडण्याचें नाकारतात. म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यांत करून घ्यावी. जुलैंतील मोजणी म्हणजे जेवल्यावर भुकेची परीक्षा. भारतीय मानक ३०४३ प्रमाणें नळीचें अर्थिंग निदान अडीच मीटर लांबीचें असावें. कातळ लागल्यास भोंक पाडून खोल जावें, किंवा परस्परांपासून अंतर ठेवून दोन-तीन अर्थिंगें घालून तीं जोडावीं. उन्हाळ्यांत त्या खड्ड्यांत पाणी घालण्याची जुनी चाल आजही शहाणपणाची आहे.

दुसरा दोष सैल सांध्याचा. एखाद्या स्क्रूखालीं तार सैल राहून तेथें ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढा विरोध झाला, असें माना. ३२ अँपिअरच्या प्रवाहानें त्या ठिकाणीं सुमारें १०० वॅट उष्णता होते, म्हणजे नखाएवढ्या जागेंत मोठ्या सोल्डरिंगच्या कांबीची आंच, आणि ती तासन्‌तास. १६ अँपिअरवर हीच उष्णता चौथ्या हिश्शावर येते. जळका वास, तपकिरी पडलेलें प्लास्टिक अगर हातास गरम लागणारा एमसीबी दिसला तर मेन स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमन येईपर्यंत उघडूं नये. तिसरा दोष उतरलेल्या दाबाचा. खांबापासून वाडींतल्या घरापर्यंत लांब तार आली असली आणि तिचा विरोध अर्धा ओहम असला, तर ३२ अँपिअर घेतांना वाटेंतच १६ व्होल्ट खर्ची पडतात. ॲपवरून प्रवाह निम्मा केला कीं ही घटही निम्मी होते आणि अडलेलें काम पुष्कळदां चालू होतें; वेळ मात्र दुप्पट लागतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या सूचनांनीं घरच्याच जोडणीवरून मोटार चार्ज करण्यास मुभा दिली; परंतु ३२ अँपिअरचा चार्जर एकटाच सात किलोवॅटांच्या वर वीज ओढतो. विजेच्या बिलावरील मंजूर भाराचा आंकडा तेवढा आहे का, हें चार्जर बसविण्यापूर्वींच पाहावें.

येथें एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. चार्जर अर्थिंगची तक्रार करतो म्हणून न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडून त्याचें तोंड बंद करण्याची युक्ति कोणी सुचविली, तर तिला साफ नकार द्यावा. दिवा हिरवा होतो, मोटार भरूं लागते, सर्वांना समाधान वाटतें; आणि पुढें कधीं बाहेरची न्यूट्रल तार तुटली कीं मोटारीच्या साऱ्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊन उभे राहतात. ओल्या पोर्चमध्यें अनवाणी आलेलें मूल त्याच मोटारीचें दार उघडावयास हात लावतें. आरसीसीबी पुनःपुन्हां पडतो म्हणून तो काढून टाकणें हेंही याच जातीचें कृत्य होय. ३० मिलिअँपिअरची गळती होतांच तो पडतो, कारण तेवढ्यापुढें माणसाचा जीव धोक्यांत येतो.

बातमीच्या दोषाबद्दल माझें मत नेमकें उलट आहे. तेथें वळसा घेण्याची सोय असलीच पाहिजे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली-मंडणगडाकडील गांवांत वीज आणि फोन दोन्ही अनेक दिवस बंद होते. अशा आपत्तींत वीज आधीं परतली आणि इंटरनेट मागाहून आलें, तर दूरच्या सर्व्हरची परवानगी नाहीं म्हणून मालकाच्या घरच्या विजेवर मालकाची मोटार अडून बसावी काय? कांहीं चार्जर तसे अडतात. कांहींना इंटरनेटवांचून, केबल जोडतांच अगर कार्ड दाखवितांच, चालूं होण्याची आज्ञा देऊन ठेवतां येते. विकत घेतांना दुकानदारास हा एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि बसविणाऱ्या माणसास जातांना राऊटर बंद करून चार्जर चालवून दाखविण्यास सांगावें.

त्या घरच्या मंडळींनीं आतां काय करावें? मोटारीचा पडदा पाहावा. ती भरत असेल तर निजावें. भरत नसेल आणि दोषाचा दिवा नसेल, तर वेळापत्रकें पाहावीं व राऊटर सुरू झाल्यावर चार्जर एकदां बंद-चालू करावा. दोषाचा दिवा असेल, तर चार्जर बंद ठेवून वायरमनला बोलवावें आणि आजोबांसाठीं दुसरें वाहन आजच सांगून ठेवावें. गप्प बसलेल्या चार्जरला पुन्हां बोलतें करण्याची खटपट घरच्या माणसांनीं खुशाल करावी. परंतु तो धोका आहे असें सांगत असेल, तर त्याला गप्प बसविण्याची खटपट कोणींही करूं नये.