झपाटलेल्या घराचा आवाज

भुताच्या वाड्याचा सिनेमा आधी कानांना घाबरवतो, डोळ्यांची पाळी नंतर येते. आपल्याकडे हे काम गळ्यानं केलं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या 'महल'मध्ये (1949) लताबाई माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या. ओसाड हवेलीत कुणीतरी वावरतंय हे तेवढ्यानं पटलं. बंगालीत हेमंत मुखर्जींनी हीच वाट धरली. 'जिघांसा' (1951) हा शेरलॉक होम्सच्या, बास्करव्हिल्सच्या शिकारी कुत्र्याच्या गोष्टीवरचा रहस्यपट, आणि त्याच गोष्टीवर त्यांनी स्वतः निर्माते होऊन हिंदीत 'बीस साल बाद' (1962) काढला. 'कुहेली'तही (1971) संगीत त्यांचं, आवाज लताबाईंचा. मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (1976) म्हटलं की आजही आधी 'रात्रीस खेळ चाले' आठवतं, कथा मागाहून. हे सगळे आवाज माणसाचे. रहस्य उलगडलं की भुताऐवजी माणूसच सापडतो, आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या डेलिया डर्बीशायर या इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं ही सुटकेची सोयच ठेवली नाही.

तिचा जन्म 5 मे 1937 चा. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढली. सेंट मायकेलचं कॅथीड्रल जळालं, पाचशेहून जास्त माणसं मेली. तीन वर्षांच्या पोरीनं तेव्हा भोंगे ऐकले, धोक्याचा आणि धोका टळल्याचा. पुढे ती सांगायची की आपली इलेक्ट्रॉनिक आवाजांची ओढ त्या भोंग्यांपासूनची. ना सूर, ना शब्द, बोलणारं कुणी दिसत नाही, तरी अंगावर काटा आणणारा आवाज! या बाईच्या कामाची मुळं मला तिथेच दिसतात.

केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकून ती डेक्का कंपनीत गेली, तर बायकांना रेकॉर्डिंग स्टुडिओत घेत नाही असं उत्तर मिळालं. 1960 मध्ये ती बीबीसीत लागली आणि 1962 मध्ये तिथल्या, कार्यक्रमांसाठी नवे आवाज घडवणाऱ्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये पोचली. तिथे सिंथेसायझर नव्हता. यंत्रं तपासायचे ऑसिलेटर, टेपरेकॉर्डर, ब्लेड आणि चिकटपट्टी, एवढंच भांडवल. टेप सेकंदाला 15 इंच पळते, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा स्वर साडेसात इंचांचा. तो मोजायचा, कापायचा, पुढच्याला जोडायचा. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेची रॉन ग्रेनरनं लिहिलेली धून (1963) तिनं अशी एकेक स्वर कापून उभी केली.

तिची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे हिरव्या रंगाची, पत्र्याची, जुनाट दिव्याची शेड. ती शेड ठोकायची, टेपवर घ्यायची आणि ठोक्याचा क्षण कापून टाकायची. मागे राहायचा नुसता घुमारा. त्याचं पृथक्करण करून त्यातल्या ठळक कंप्रता ती वर्कशॉपच्या ऑसिलेटरांवर पुन्हा रचायची. हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. घंटा, तार की भांडं, हे आपला कान मुख्यतः आवाजाच्या पहिल्या क्षणावरून ओळखतो. तो क्षण काढला की आवाज उरतो, पण तो कशातून आला ते कळत नाही. झपाटलेल्या घराला नेमकं हेच हवं असतं.

ते घर तिला 1973 मध्ये मिळालं. 'द लेजंड ऑफ हेल हाउस', कथा-पटकथा रिचर्ड मॅथेसनची, दिग्दर्शन जॉन हफचं. मृत्यूनंतर काही उरतं का हे जाणून घ्यायला एक म्हातारा धनाढ्य एका भौतिकशास्त्रज्ञाला आणि मृतात्म्यांशी संपर्क साधणाऱ्या दोन माध्यमांना बेलास्को नावाच्या माणसाच्या बदनाम घरात पाठवतो. शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की भूतबीत काही नाही, ही साचलेली विद्युतचुंबकीय ऊर्जा आहे आणि माझं यंत्र ती धुऊन काढील. डेलिया आणि वर्कशॉपमधला तिचा सहकारी ब्रायन हॉजसन यांनी या चित्रपटाला इलेक्ट्रॉनिक संगीत दिलं, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा वाद तिथेच रंगतो. घरात आत्मा आहे की वीज, असा पात्रांचा झगडा चाललेला, आणि आपण जे ऐकतोय ती मुळात वीजच. व्हायोलिनं असती तर हा पेच उभाच राहिला नसता.

त्याच वर्षी तिनं बीबीसी सोडली. मग बरीच वर्षं ती संगीतापासून लांबच राहिली, आणि 2001 मध्ये गेली. तिच्या माळ्यावर सापडलेल्या 267 टेपा आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. कॉव्हेंट्री विद्यापीठानं 2017 मध्ये मरणोत्तर डॉक्टरेट दिली. 'डॉक्टर हू'च्या धुनेत आपला निम्मा वाटा तिला द्यावा असं ग्रेनर स्वतः म्हणत होता, तरी बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. त्या मालिकेच्या श्रेयनामावलीत तिचं नाव यायला 2013 उजाडलं, याचा मला अजून राग येतो. 'हेल हाउस'च्या श्रेयनामावलीत मात्र ते पहिल्या दिवसापासून आहे.