दिवसाला सोळा सूर्यास्त. रोजा सोडायचा कधी?

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, की खजूर तोंडात घालून रोजा सोडायचा. जमिनीवर हे सोपे आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मात्र सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर ९० मिनिटांनी पृथ्वीला फेरी घालते. चोवीस तासांत सोळा सूर्योदय, सोळा सूर्यास्त. सहरी आणि इफ्तार यांत जेमतेम पाऊण तास!

हा प्रश्न २००७ मध्ये खरोखरच उभा राहिला. मलेशियाचे अस्थिरोगतज्ज्ञ शेख मुझफ्फर शुकोर १० ऑक्टोबरला, रमजान संपता संपता, बैकानूरहून निघाले. मलेशियाच्या उलेमांनी त्यांच्यासाठी आधीच पुस्तिका तयार केली होती. वेळा उड्डाणाच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे पाळाव्यात. तोंड काबाकडे, न जमल्यास पृथ्वीकडे, तेही न जमल्यास असेल तिकडे. रोजे परतल्यावर पूर्ण केले तरी चालतील. तरंगणाऱ्या माणसाने सजद्यात कपाळ टेकायचे कुठे? तर उभ्याने, बसून, अगदी पापण्यांच्या खुणेनेही नमाज अदा करावी. धर्म अडवतो असे म्हणणाऱ्यांनी ही पुस्तिका जरूर पाहावी. शुकोर यांनी १३ ऑक्टोबरची ईद सोबत्यांना साते आणि बिस्किटे खिलवून साजरी केली.

वजूचेही तसेच. तिथे नळ नाही. पाणी गोळा होऊन तरंगते. अंग ओल्या कपड्याने पुसायचे. घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पुन्हा प्यायला वापरतात. पावाचा चुरा यंत्रांत शिरेल म्हणून पाव नाही, त्याऐवजी आपल्या चपातीसारखा टॉर्टिया. मीठ-मिरपूडही पातळ करून. झोपायचे भिंतीला बांधलेल्या पिशवीत. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी तिथे गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता. आमरस पाहून तरी आपल्याकडच्यांना हे घर ओळखीचे वाटेल.

संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नियादी यांचा २०२३ चा रमजान स्थानकावरच गेला. हाडे-स्नायू झिजू नयेत म्हणून तिथे रोज दोन तासांवर व्यायाम करावा लागतो. उपाशीपोटी चूक झाली तर सोबत्यांचाही जीव धोक्यात. आपण मुसाफिर आहोत, रोजा सक्तीचा नाही, असे त्यांनी उड्डाणापूर्वीच स्पष्ट केले होते. ईदला मात्र त्यांनी पांढरा कंदुरा घालून शुभेच्छा दिल्या. आठवड्याने, २८ एप्रिलला, तेच नियादी अंतराळपोशाख चढवून सुमारे सात तास स्थानकाबाहेर काम करत होते.