पुढची काच तडकली? क्लेम टाकण्याआधी बोनसचा हिशेब करा, आणि काच बसल्यावर लगेच गाडी पळवू नका

सातारा : उसाचा हंगाम सुरू झाला की कराड, कोरेगाव, फलटण भागातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्यातच खडीचे डंपर आणि जागोजागी उकरलेले रस्ते. पुढच्या गाडीच्या टायरखालून एक खडा उडतो, 'टक्' असा आवाज येतो आणि काचेवर छोटा टवका दिसतो. गाडीमालक बोट फिरवून बघतो, 'काय नाय होत' म्हणतो आणि पुढं निघतो. चार दिवसांनी तोच टवका वीतभर तडा होऊन ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आलेला असतो.

मग धावपळ सुरू होते. कुणी म्हणतं शोरूमला जा, कुणी म्हणतं इन्शुरन्समधून फुकट होतंय, कुणी निम्म्या पैशात काच बसवणाऱ्याचा नंबर देतो. या घाईत दोन चुका हमखास होतात. एक खिशाला लागते, दुसरी जिवावर बेतू शकते.

टवका असताना बरंच वाचवता येतं

पुढची काच एकसंध नसते. काचेचे दोन थर आणि मधे प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक पडदा अशी ती बनलेली असते. तिला लॅमिनेटेड काच म्हणतात. म्हणूनच दगड लागला तरी ती जाळं पडून जागेवर राहते, अंगावर कोसळत नाही. दारांच्या काचा सहसा वेगळ्या म्हणजे टफन असतात, त्यांचा एका फटक्यात साखरेसारखा चुरा होतो. जुन्या जमान्यातल्या काही जीपगाड्यांना पुढेही तसलीच काच असायची. आता मोटार वाहन नियमांनुसार पुढची काच लॅमिनेटेडच लागते.

खड्याने बहुतेक वेळा फक्त बाहेरचा थर फुटतो. टवका पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान असेल, काचेच्या कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसेल, तर काच बदलायची गरज पडत नाही. त्यात पातळ रेझिन भरून अतिनील दिव्याखाली सुकवतात. डाग थोडा दिसतो, पण तडा पुढे सरकायचा थांबतो. खर्चही नव्या काचेच्या मानाने किरकोळ असतो.

अट एकच, टवक्यात धूळ-पाणी शिरायच्या आत हे काम व्हायला हवं. त्यामुळे गाडी बाजूला घेतली की काच कोरडी पुसून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. झटपट चिकटणारा गोंद त्यात भरू नये, नंतर रेझिन आत जातच नाही. माण-खटावच्या उन्हात तापलेल्या काचेवर थंड पाणी मारणं, किंवा थंडीत दवाने भरलेली काच गरम पाण्याने धुणं, या दोन्ही गोष्टींनी टवक्याचा तडा व्हायला वेळ लागत नाही. एसीचा गार झोत थेट काचेवर सोडला तरी तेच होतं.

तडा कडेपर्यंत पोहोचला, आतला थरही फुटला किंवा नजरेसमोर जाळं झालं, की मात्र काच बदलण्याला पर्याय नाही. रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्या जाळ्यात असा फुटतो की खंबाटकी घाटात वळण कुठं आहे तेच कळत नाही.

क्लेम टाकायचा का खिशातून द्यायचे?

पहिली गोष्ट, फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेचा एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे लोक ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात तो विमा लागतो. त्यात काचेची गोष्ट बरी आहे. प्लॅस्टिक, रबर यांच्यावर 50 टक्के घसारा कापला जातो, काचेवर घसारा शून्य असतो. म्हणजे झिरो डेप नसलं तरी काचेची पूर्ण किंमत धरली जाते. रबरी बीडिंगवर मात्र कपात होते, आणि काच चिकटवायचं मटेरियल बऱ्याच साध्या पॉलिसींत धरत नाहीत. शिवाय खासगी कारला 1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये आणि त्यापुढे 2,000 रुपये मालकाला भरावेच लागतात. गॅरेजवाले याला 'फाइल चार्ज' म्हणतात.

खरी मेख आहे नो क्लेम बोनसमध्ये. एकही क्लेम न करता एक वर्ष गेलं की पुढच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. छोट्याशा काचेचा क्लेम घेतला तरी हा बोनस शून्यावर येतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

उदाहरण म्हणून हिशेब मांडू. एका गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी 8,000 रुपये आहे आणि मालकाला 50 टक्के बोनस आहे, म्हणजे तो 4,000 भरतो. काचेचं बिल झालं 6,000. क्लेम केला तर 1,000 कापून जास्तीत जास्त 5,000 हातात येतील. आता पुढचं बघा. पहिल्या वर्षी बोनस शून्य, हप्ता 8,000, म्हणजे 4,000 जादा. दुसऱ्या वर्षी 20 टक्के बोनस, हप्ता 6,400, जादा 2,400. तिसऱ्या वर्षी 2,000 जादा, चौथ्या वर्षी 1,200 आणि पाचव्या वर्षी 400. मधे दुसरा क्लेम लागला नाही असं धरलं, तर पाच हजार वाचवायला गेलेल्या माणसाने पाच वर्षांत 10,000 रुपये जादा भरले. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ता थोडा उतरतो, त्यामुळे आकडा काहीसा कमी भरेल. पण धंदा तोट्याचाच.

हेच गणित मोठ्या गाडीला उलटं पडतं. काचेमागे कॅमेरा, पावसाचा सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांची काच छोट्या गाडीच्या कित्येक पट महाग असते. काच बदलल्यावर कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करावी लागते, त्याचे पैसे वेगळे. तिथे क्लेम घेणंच शहाणपणाचं. बोनस नुकताच सुरू झालेला असेल तर नुकसान त्यामानाने कमी असतं. काहींच्या पॉलिसीत बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असतं, पण वर्षाला किती क्लेमपर्यंत ते चालतं हे आधी वाचून घ्यावं. एजंटाला एकच प्रश्न विचारावा: 'क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी हप्ता किती बसंल?' आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्यावा.

क्लेम करायचं ठरलं, तर काचेला हात लावायच्या आधी कंपनीला कळवायचं. आधी काच बदलली आणि मग क्लेम टाकला, तर तो अडकतो. नंबर प्लेटसह गाडीचा, तड्याचा आणि जागेचा फोटो काढून ठेवावा. कंपनी सर्व्हेअर पाठवते किंवा फोनवरच फोटो-व्हिडिओ मागवते. आरसी, पॉलिसी आणि त्यावेळी गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स तयार ठेवावं. कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये कॅशलेस होतं, बाहेर केलं तर पक्कं जीएसटी बिल लागतं. दगडफेकीत किंवा कुणी मुद्दाम फोडून काच गेली असेल, तर पोलिसांत नोंद करून तिची प्रत जोडावी.

काच चांगली, पण बसवली कशी?

जुन्या ओम्नी, जीप, टेम्पो यांची काच रबरात बसवलेली असायची. आताच्या कारची काच युरेथेन नावाच्या मटेरियलने थेट बॉडीला चिकटवतात. ती केवळ वारा अडवायला नसते. गाडी पलटली तर टपाला आधार देण्यात तिचा वाटा असतो. डाव्या सीटपुढची एअरबॅग फुगताना वर उसळून काचेवर आपटते आणि तिच्या आधाराने माणसासमोर येते. काच कच्ची चिकटलेली असेल तर एअरबॅग तीच बाहेर ढकलते, आणि माणूस तसाच पुढे फेकला जातो.

त्यामुळे स्वस्त-महाग बघण्याआधी काम कसं करतात ते बघावं. जुनं मटेरियल तासून कडा साफ करतात का, कडेला गंज असेल तर तो काढून प्रायमर मारतात का, चिकटवायला युरेथेनच वापरतात का. काही ठिकाणी बाथरूमला लावतात तसलं साधं सिलिकॉन फासून मोकळे होतात. वरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो पहिल्या पावसात, जेव्हा डॅशबोर्डखाली पाणी उतरून फ्यूज आणि वायरिंग जातं. घरी येऊन काच बसवून देणारे आहेत, ते वाईट नाहीत, पण उघड्यावर धुळीत किंवा पावसात हे काम करू देऊ नये. शेड असावी.

काचेच्या कोपऱ्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 2553 हा मानकाचा क्रमांक असतो, सोबत लायसन्स नंबर. तो नंबर मोबाइलवर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. बसवायच्या आधी तपासावा, नंतर वाद घालून उपयोग नाही. काळी फिल्म 'सोबत फ्री' मिळत असेल तर नको म्हणावं. पुढच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत यायला हवा हा नियम आहे, आणि वरून फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच मनाई केली आहे.

आता सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. काच बसली की लगेच गाडी काढायची नाही. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. मटेरियलप्रमाणे यासाठी एखादा तास पुरतो किंवा अख्खी रात्र जाते, ती वेळ त्याच्या ट्यूबवर लिहिलेली असते. कोरड्या थंडीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत माण-खटावकडे, ते पाटण-महाबळेश्वरच्या दमट हवेपेक्षा सावकाश घट्ट होतं. कामगार 'जावा, काय नाय होत' म्हणाला तरी ट्यूबवरची वेळ दाखवायला सांगावी. नंतर एक-दोन दिवस काचेवरच्या पट्ट्या काढू नयेत, प्रेशरने गाडी धुऊ नये, खडबडीत पाणंद रस्त्याला गाडी घालू नये. सगळ्या काचा बंद ठेवून दार जोरात आपटलं तर आतल्या हवेचा दाब ताज्या काचेवर येतो, म्हणून एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. दोन दिवसांनी पाइपने सावकाश पाणी सोडून आतून कडा तपासाव्यात. गळती दिसली तर बिल घेऊन त्याच दुकानात जायचं, म्हणून बिलावर गळतीची वॉरंटी लिहून घेतलेली बरी.

फास्टॅग आणि स्टिकर विसरतात

जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो. तो काढताना फाटावा असाच बनवलेला असतो. पैसे मात्र टॅगमध्ये नसून खात्यात असतात, ते बुडत नाहीत. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडूनच बदली टॅग मागवायचा. जुना टॅग हातात धरून दाखवू नये, असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचं धोरण महामार्ग प्राधिकरणाने 2025 मध्ये आणलं आहे. चालू टॅग नसेल तर आनेवाडी किंवा तासवडे नाक्यावर जादा टोल बसतो. 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने भरल्यास तो सव्वापट घेतात, तेव्हा टॅग येईपर्यंत फोनवरूनच पैसे भरावेत. अडचण आली तर महामार्गाची हेल्पलाइन 1033 आहे.

नव्या नंबर प्लेटसोबत काचेला आतून लावलेला होलोग्रामचा स्टिकरही जुन्या काचेवरच राहतो. ज्या अधिकृत एजन्सीने प्लेट बसवली तिच्याकडे नव्या स्टिकरची मागणी करावी लागते. त्यासाठी प्लेटची जुनी पावती आणि काचेचं बिल जपून ठेवावं.