निवृत्तीनंतरचे हमीचे उत्पन्न : सल्ला कोणाचा आणि कसा घ्यावा ?

शीव ह्या शब्दाचा अर्थ खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको. दोन गावांच्या हद्दीस आपण शीव म्हणतो. मुंबई बेटाच्या उत्तर टोकाशी असलेल्या गावासही ह्याच अर्थाने शीव हे नाव पडले आणि त्यालगतची कोळ्यांची वस्ती शीव कोळीवाडा म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित झालेली अनेक पंजाबी कुटुंबे येथे येऊन वसली. पूर्वी कोळीवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील रेल्वे स्थानकास आज गुरु तेग बहादूर नगर असे नाव आहे.

ह्या परिसरावर २०१९ साली जो प्रसंग ओढवला, तो निवृत्तीकडे झुकलेल्या प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक १९८४ साली शीव येथे एका शाखेने सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. शीव कोळीवाड्यातील पुष्कळ कुटुंबांचा तिच्यावर विश्वास होता. निवृत्तीची रक्कम मुदतठेवीत ठेवावी, तिच्या व्याजावर घरखर्च चालवावा आणि मुद्दलास हात लावू नये, असा अनेक वृद्धांचा परिपाठ होता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने ह्या बँकेवर निर्बंध घातले. आरंभी सहा महिन्यांत मिळून एका खातेदारास केवळ एक हजार रुपये काढता येतील, असा तो आदेश होता. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जून २०२० मध्ये ती एक लाखावर आली. बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे गेला होता व तो हिशेबात दडविला गेला होता, असे तपासात पुढे आले. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या विमा-संरक्षित रकमेची सोय झाली. परंतु त्यावरील रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी देण्याचे ठरले. सत्तरी गाठलेल्या माणसाच्या दृष्टीने दहा वर्षे म्हणजे किती, हे सांगावयास गणित लागत नाही.

ह्या ठेवीदारांनी सट्टा खेळला नव्हता. त्यांनी बँकेची पाटी पाहिली, व्याजाचा दर विचारला आणि शेजाऱ्याचा अनुभव ऐकला. एक प्रश्न मात्र पुष्कळांच्या मनात आला नाही. तो असा की, ही हमी देणारा कोण आणि तिची शीव कोठपर्यंत आहे ? हमी ह्या शब्दास नेहमीच मर्यादा असते. ती रकमेची असते, काळाची असते आणि हमी देणाऱ्याच्या ऐपतीची असते. ज्यास ही मर्यादा ठाऊक नाही, त्याच्या हाती हमी नसून केवळ भरवसा असतो.

निवृत्तास नियमित उत्पन्न देणारे आज जे प्रमुख मार्ग आहेत, ते ह्याच दृष्टीने तपासून पाहू.

पहिला मार्ग बँकेतील ठेवीचा. एका बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच्या रकमेस ठेव-विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांत ठेवी विभागल्या तरी मर्यादा एकच धरली जाते. सहकारी पतसंस्थांतील ठेवींस हे संरक्षण नाही. गावोगावच्या शिक्षकांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

दुसरा मार्ग सरकारी अल्पबचतीचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ही २००४ सालापासून चालू आहे. तिच्यामागे केंद्र सरकार उभे आहे. मुदत पाच वर्षांची असून ती पुढे वाढविता येते. १ एप्रिल २०२३ पासून एका व्यक्तीस तीस लाख रुपयांपर्यंत रक्कम गुंतविता येते. त्याच वेळी व्याजाचा दर ८.२ टक्के झाला. ह्या दराने दहा लाखांवर दर तिमाहीस २०,५०० रुपये मिळतात. सरकार दर तिमाहीस दराचा विचार करते; परंतु एकदा भरलेल्या रकमेचा दर त्या मुदतीपुरता बदलत नाही. ही योजना सामान्यतः साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. तथापि ५८ व्या वर्षी सेवेतून निवृत्त होणाऱ्या शिक्षकासही निवृत्तिलाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा लाभ घेता येतो. मिळणारे व्याज करपात्र असते, हेही विसरू नये.

तिसरा मार्ग वार्षिकीचा. विमा कंपनीस एकरकमी पैसे द्यावयाचे आणि तिने हयातभर ठराविक रक्कम द्यावयाची, असा हा करार असतो. माणूस किती वर्षे जगेल ह्याची चिंता येथे कंपनीने आपल्या शिरावर घेतलेली असते. हा ह्या मार्गाचा खरा गुण होय. आयुर्विमा महामंडळाच्या विमापत्रांवरील रकमांस १९५६ च्या कायद्याच्या कलम ३७ अन्वये केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांवर विमा नियामक प्राधिकरणाची देखरेख असते. परंतु सरकारची तशी हमी नसते. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्या शिक्षकांच्या दृष्टीने वार्षिकी हा विषय अधिकच जिव्हाळ्याचा आहे. कारण राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत संचित रकमेच्या ठराविक भागाची वार्षिकी घ्यावी लागते. निवृत्तिवेतनाचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत. यास्तव आपणांस कोणती योजना लागू आहे, हे निवृत्तीच्या दोन वर्षे आधीच कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

वार्षिकीचेही प्रकार आहेत. काहींत हप्ता मोठा असतो, परंतु धारकाच्या मृत्यूबरोबर तो थांबतो. काहींत पती-पत्नींपैकी मागे राहणाऱ्यास तो चालू राहतो. काहींत मृत्यूनंतर मूळ रक्कम वारसास परत मिळते, म्हणून हप्ता लहान असतो. सेवेची पस्तीस वर्षे संपवून मुंबईस मुलाकडे राहावयास गेलेल्या एखाद्या गुरुजींची कल्पना करा. विक्रेत्याने दाखविलेला सर्वांत मोठा आकडा पाहून ते सही करावयास निघतात. तोच पत्नी विचारते, "अहो, तुमच्या माघारी हे मला मिळेल का ?" हा प्रश्न संकोचापोटी पुष्कळ घरांत विचारला जात नाही आणि त्याचे उत्तर मात्र एके दिवशी त्या माउलीसच भोगावे लागते. सहीच्या वेळी पती-पत्नी दोघांनीही हजर असावे, हा साधा नियम शंभर सल्ल्यांच्या तोडीचा आहे.

ह्याशिवाय 'हमखास उत्पन्न' अशा अर्थाच्या नावांनी काही विमा योजना विकल्या जातात. त्यांचे गणित पाचवीच्या नव्हे, तरी सातवीच्या वर्गात निश्चित सोडविता येईल. समजा, विक्रेता म्हणतो, "गुरुजी, दहा वर्षे प्रतिवर्षी एक लाख भरा. बाराव्या वर्षापासून दहा वर्षे प्रतिवर्षी एक लाख साठ हजार घ्या. साठ टक्के फायदा, तोही हमीचा !" आता नीट पाहा. पहिल्या वर्षारंभी भरलेला लाख बाराव्या वर्षारंभी परत येतो, दुसऱ्या वर्षीचा तेराव्या वर्षी. म्हणजे प्रत्येक लाख रुपये अकरा वर्षे कंपनीकडे राहून १,६०,००० होतात. चक्रवाढीने हा दर सुमारे ४.४ टक्के पडतो. साठ टक्के हा शब्द खोटा नाही. परंतु तो अकरा वर्षांचा आकडा आहे, एका वर्षाचा नव्हे. योजनेत विम्याचे छत्र असेल तर त्याचे मोल वेगळे मोजावे. परंतु आधी दर काढावा आणि मग तो सरकारी अल्पबचतीच्या दराशी ताडून पाहावा.

महागाईचाही विचार हवा. वस्तूंचे भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढत गेले, तर सुमारे बारा वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती निम्मी होते. आज वीस हजारांत चालणारे घर तेव्हा चाळीस हजार मागेल. कायम राहणारा हप्ता हा निश्चित खरा; परंतु तो वाढत नाही. म्हणून सर्व पुंजी एकाच मार्गात अडकवू नये, आणि आजारपणासाठी काही रक्कम केव्हाही काढता येईल अशी ठेवावी.

मग सल्ला कोणाचा घ्यावा ? विमा प्रतिनिधी हा विक्रेता असतो. त्यास कंपनीकडून दलाली मिळते. बँकेतील ओळखीचा अधिकारी विम्याचा कागद पुढे करतो, तेव्हा तोही बहुधा विक्रेत्याच्याच भूमिकेत असतो. ह्यात लपविण्याजोगे काही नाही. परंतु विक्रेत्याची माहिती ही सल्ला म्हणून घेऊ नये. सेबी ह्या संस्थेच्या २०१३ च्या विनियमांनुसार नोंदणी झालेले गुंतवणूक सल्लागार असतात. ते आपली फी ग्राहकाकडून घेतात आणि आपल्या सल्ल्याबद्दल कंपनीकडून दलाली घेऊ शकत नाहीत. त्यांची नोंदणी सेबीच्या यादीत पडताळता येते. फी देणे आपल्या लोकांच्या जिवावर येते. परंतु विनामूल्य मिळालेल्या सल्ल्याची किंमत पुष्कळदा हप्त्यांतून चुकती करावी लागते.

कोणाकडेही गेले तरी पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. हमी कोण देतो ? ती किती रकमेची व किती वर्षांची आहे ? दरसाल खरा दर किती पडतो ? मध्येच पैसे लागल्यास किती परत मिळतील ? माझ्या माघारी पत्नीस वा पतीस काय मिळेल ? उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. जो लेखी देण्यास कचरतो, त्यास नमस्कार करून उठावे. विमापत्र हाती आल्यावर ते न पटल्यास तीस दिवसांच्या आत परत करण्याचा हक्क २०२४ च्या नियमांनी ग्राहकास दिला आहे. तक्रारीची दखल कंपनीने घेतली नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते व त्यासाठी वकील लावावा लागत नाही.

हा विषय शिक्षकाच्या स्वतःच्या संसारापुरता नाही. भूसंपादनाचा मोबदला मिळालेला शेतकरी, मुलाच्या अपघाताची भरपाई हाती आलेली विधवा, असे लोक कागद घेऊन गुरुजींकडे अथवा बाईंकडे येतात. शिक्षकाने त्या वेळी स्वतः योजना सुचवू नये, मग विक्रेत्याची भलावण करणे तर दूरच. हे पाच प्रश्न त्यांच्याकडून लिहून घ्यावेत आणि उत्तरे वाचून दाखवावीत, एवढे पुरे आहे. गावाने शिक्षकाच्या शब्दावर ठेवलेला विश्वास हीही एक ठेवच आहे. तिला कोणत्याही महामंडळाचा विमा नाही. ती ज्याची त्यानेच सांभाळावयाची असते.