भाजीचा वाफा आणि भुकेचं गणित

 

मागच्या भागात आपण रेशनच्या धान्याबद्दल बोललो. तो भाग ऐकून अनेकांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. आम्ही पाच-सहा जण मिळून वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावला आणि गरजू घरांना दिला, तर भूक खरंच कमी होईल का? की ते नुसतं मनाचं समाधान?

प्रश्न रास्त आहे. अशा कामात लोकांचा वेळ जातो, घाम जातो, पैसा जातो. म्हणून आज आधी आकडेमोड करू, मग जगातली दोन उदाहरणं बघू आणि शेवटी आपण काय करायचं ते ठरवू.

आकडेमोड अगदी सोपी आहे. माणसाला दिवसाला साधारण 2000 कॅलरी लागतात असं धरू. 100 ग्रॅम कच्च्या तांदळातून सुमारे 350 कॅलरी मिळतात, म्हणजे 600 ग्रॅमच्या आतच तांदळात दिवस भागतो. तेच पालकाचं बघा. 100 ग्रॅम पालकातून जेमतेम 25 कॅलरी मिळतात. म्हणजे नुसत्या पालकावर पोट भरायचं तर दिवसाला 8 किलो पालक लागेल! आठ किलो पालक बघून म्हैससुद्धा तोंड फिरवेल.

थोडक्यात, वस्तीतली बाग पोट भरू शकत नाही. गहू, तांदूळ, ज्वारी पिकवायला शेतंच लागतात. मग बागेचं काम काय?

त्यासाठी भुकेचे दोन प्रकार समजून घेऊ. एक भूक पोटाची, ती लगेच कळते. दुसरी भूक छुपी. पोट भरलेलं असतं, पण शरीराला लोह, अ जीवनसत्त्व, फॉलिक अॅसिड पुरेसं मिळत नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्य पोचवण्याची सोय केली. माणशी महिन्याला 5 किलो. 2023 पासून ते मोफत आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. पण रेशनच्या दुकानात मेथीची जुडी मिळत नाही.

आणि आकडे काय सांगतात? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण 67 टक्के होतं. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, जंत असतात, इतर आजार असतात. पण ताटातली भाजी हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढ माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चौघांच्या घरात सगळ्यांना तेवढी भाजी द्यायची म्हटलं तर रोज 1600 ग्रॅम. भाजी सरासरी 40 रुपये किलो धरली तर रोजचे 64 रुपये, महिन्याचे 1900 च्या वर. मी आहारतज्ज्ञ म्हणून वस्त्यांमध्ये काम केलं आहे. तिथे ‘हिरव्या भाज्या खा’ असं सांगितलं की एखादी बाई हसून विचारायची, ‘दीदी, पैसे कोण देणार?’ ज्या घरात भाडं, गॅस आणि मुलांची फी भागवून हातात काही उरत नाही, तिथे सगळ्यात आधी भाजीला कात्री लागते. मग बटाट्याचा रस्सा आणि पोळी. पोट भरतं, ताट रिकामंच राहतं.

बागेचं काम नेमकं इथे आहे. धान्य सरकार देईल, पालेभाजी बागेतून येईल. एवढंच अपेक्षित धरलं, तर लहानशी बागही कामाची ठरते.

आता पहिलं उदाहरण. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन शहराबाहेर वाळूचा मोठा सपाट पट्टा आहे, त्याला केप फ्लॅट्स म्हणतात. वर्णभेदाच्या काळात गोऱ्या नसलेल्या लोकांना शहरातून उठवून या वाळूवर आणून टाकलं. खायेलित्शा ही तिथली प्रचंड वस्ती 1980 च्या दशकात वसवली गेली. खोसा भाषेत त्या नावाचा अर्थ ‘नवं घर’. घर नवं, पण हाताला काम नाही आणि पायाखाली वाळू.

या भागात 1982 मध्ये एक लहान संस्था उभी राहिली, अबालिमी बेझेखाया. अर्थ, ‘घरचे शेतकरी’. वस्तीतल्या बऱ्याच बायका पूर्वेकडच्या खेड्यांतून आलेल्या. शेती त्यांना माहीत होती, पण वाळूत शेती कशी करायची हा प्रश्न होता.

संस्थेने तिथे स्वतः भाजी पिकवून वाटली नाही. तिने न्यांगा आणि खायेलित्शा इथे रोपं-खतांची केंद्रं उघडली. शेणखत, बी आणि रोपं कमी दरात द्यायची, फुकट नाही. पाठोपाठ चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन मोकळं न होता, बागेवर जाऊन पुन्हा पुन्हा विचारपूस करायची. वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून चर खणायचा, त्यात वाळलेलं गवत, पुठ्ठे, स्वयंपाकघरातला ओला कचरा भरायचा आणि वर माती ओढायची. कचरा कुजला की तोच ओल धरतो. वर पालापाचोळ्याचं आच्छादन. समुद्रावरून येणारा वारा रोपं झोपवतो, म्हणून कडेने झाडांची कुंपणं.

या संस्थेची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिने मांडलेल्या पायऱ्या. पहिली पायरी तगून राहण्याची, म्हणजे दोन वाफे आणि घरापुरती थोडी भाजी. दुसरी, घरची गरज नीट भागण्याची. तिसरी, थोडी विकून हातखर्च निघण्याची. चौथी, पूर्ण व्यवसायाची. प्रत्येकीने चौथी पायरी गाठलीच पाहिजे असा आग्रह नाही. एखादी आजी दुसऱ्या पायरीवर सुखी असेल तर तेही यशच. ज्यांना पुढे जायचं होतं त्यांच्यासाठी 2008 मध्ये ‘हार्वेस्ट ऑफ होप’ नावाची योजना निघाली. बागांतली भाजी आठवड्याला पेटीत भरून शहरातल्या कुटुंबांकडे जाई आणि पैसे पिकवणारीकडे येत.

दुसरं उदाहरण अगदी उलट टोकाचं, अमेरिकेतल्या अलास्काचं. 1995 मध्ये अँकरेज शहरात जेफ लोवेनफेल्स नावाचे गृहस्थ वर्तमानपत्रात बागकामाचं सदर लिहीत. त्यांनी वाचकांना एवढंच सुचवलं, की आपल्या बागेत एक ओळ जास्तीची लावा आणि तिची भाजी बीन्स कॅफे या गरिबांसाठी चालणाऱ्या अन्नछत्राला द्या. एका ओळीची ही कल्पना पुढे देशभर पसरली.

दोन्हींमधला फरक बघा. अलास्कात ज्याच्याकडे जागा आहे तो पिकवतो आणि ज्याला भूक आहे तो खातो. केपटाउनमध्ये ज्याला भूक आहे तोच पिकवतो. पहिला मार्ग सोपा आणि लवकर सुरू होणारा. पण देणाऱ्याचा उत्साह ओसरला की पुरवठा थांबतो. दुसरा मार्ग सावकाश जातो, तिथे संस्थेला वर्षानुवर्षं पाठीशी उभं राहावं लागतं. पण त्यात घेणाऱ्याची मान खाली जात नाही. तुमच्या गटात कोण आहे, यावर मार्ग ठरवा. अंगणवाडीच्या मुलांना किंवा रुग्णालयाबाहेर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांना भाजी द्यायची असेल तर पहिला मार्ग. वस्तीतल्या बायका स्वतः बाग करायला तयार असतील तर दुसरा.

आपल्याला हे नवीन नाही. घरामागची परसबाग, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, कुंपणावरची घोसाळी, हे आपल्या आज्यांचं पोषणशास्त्रच होतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्यांचं बियाणं जपून ते परसबागांपर्यंत पोचवलं आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शहरात परस गेला, म्हणून आता सामायिक जागा शोधावी लागते.

मग सुरुवात कशी करायची? सांगते.

पहिलं, जागेची लेखी परवानगी. हे मी सगळ्यात वर ठेवते. तोंडी होकारावर उभी राहिलेली बाग दुसऱ्याच वर्षी पार्किंगसाठी सपाट झालेली मी पाहिली आहे. वाफे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे ज्या बायकांनी माती घडवली त्या पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाहीत. किमान तीन वर्षांचं पत्र घ्या.

दुसरं, पाणी आणि माती. उन्हाळ्यात पाणी कुठून येणार हे पावसाळ्यातच ठरवा. जागेवर पूर्वी गॅरेज, कारखाना किंवा भंगाराचं दुकान असेल तर मातीत शिशासारखे धातू असू शकतात. तिथे तपासणीशिवाय जमिनीत काही लावू नका. पालेभाजी तर नाहीच.

तिसरं, पीक. ऋतू बघून लावा. थंडीत मेथी आणि पालक, उन्हात तांदुळजा, म्हणजे इकडची चौलाई, पावसाळ्यात अळू आणि वेलभाज्या. मेथी आणि तांदुळजा महिन्याभरात हाती येतात, त्यामुळे लोकांचा हुरूप टिकतो. एका कडेला शेवगा आणि लिंबू लावाच. पालेभाजीतलं लोह लिंबू पिळल्याने जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. भाजीला थोडं तेल हवंच, अ जीवनसत्त्व त्याशिवाय अंगी लागत नाही.

चौथं, वाटपाचा नियम आणि वही. कुणाला किती, कोणत्या वारी, हे आधी सगळ्यांसमोर ठरवा. ज्या घरात गरोदर बाई किंवा लहान मूल आहे तिथे आधी. रोज तोडलेली भाजी वजन करून वहीत लिहा. वर्षाअखेरीस कुणी विचारलं की या बागेने काय केलं, तर वही पुढे करता येते. जागेचं पत्र वाढवून घेताना ती फार उपयोगी पडते.

पाचवं, फोटो काढू नका. म्हणजे वाफ्यांचे काढा, भाजीचे काढा, पण जुडी घेणाऱ्या बाईचा नको. तिला जुडी हवी आहे, प्रसिद्धी नको.

एक सावधगिरीची गोष्ट. बाग आहे म्हणून रेशन, अंगणवाडीचा आहार आणि शाळेतलं जेवण यांच्यावरचं लक्ष कमी होऊ देऊ नका. कुणाचं रेशनकार्ड अडलं असेल तर दहा वाफ्यांपेक्षा ते कार्ड सोडवून देणं जास्त मोलाचं. बागेवर जमणाऱ्या बायकांच्या गप्पांतूनच अशी अडलेली कार्डं कळतात, हाही बागेचाच फायदा समजा.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. बाग भूक संपवत नाही. पण ज्या घरात आठवड्यातून एकदा पालेभाजी शिजते तिथे ती तीनदा शिजू शकते. गरोदर बाईच्या आणि वाढत्या मुलाच्या ताटात हा फरक लहान नसतो. या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या भागातल्या अंगणवाडीत जा आणि तिथल्या ताईंना विचारा की मुलांच्या ताटात कुठली भाजी कमी पडते. पहिला वाफा त्या भाजीचा करा.

पुढच्या भागात घरच्या घरी बी धरून ठेवण्याबद्दल बोलू. तोपर्यंत नमस्कार.