कट्यारीच्या पात्यावरचे धुके

जपानी कट्यारीला ‘तान्तो’ म्हणतात. तिचे पाते एका ‘शाकू’हून, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटरहून, आखूड असते. तेराव्या शतकात क्योटोच्या योशिमित्सूने घडवलेल्या कट्यारी आजही जपून ठेवलेल्या आहेत. अशा पात्यावर धारेलगत धुक्यासारखी पांढरट रेघ दिसते. तुम्हाला वाटेल, ती कोरलेली असावी. तशी ती नाही!

पोलाद फार कठीण केले तर ते ठिसूळ होते. मऊ ठेवले तर धार टिकत नाही. मग करायचे काय? जपानी लोहार पात्याच्या पाठीला कोळशाची पूड मिसळलेल्या मातीचा जाड लेप देतो, धारेला अगदी पातळ. नंतर पाते लाल तापवून एकदम पाण्यात बुडवतो. आपले लोहार विळ्याला ‘पाणी देतात’, तेच हे. धार क्षणात थंड होते आणि तेथे मार्टेन्साइट ही अतिशय कठीण रचना बनते. लेपाखालची पाठ त्या मानाने सावकाश निवते व चिवट राहते. दोहोंच्या सीमेवरची ती रेघ म्हणजे ‘हामोन’.

मार्टेन्साइट बनताना पोलाद किंचित फुगते. ताण सोसला नाही, तर पाते तडकते आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. म्हणून हे काम अंधारात चालते. तापलेल्या पोलादाचा रंग हाच लोहाराचा तापमापक, आणि तो उजेडात नीट दिसत नाही.

१८७६ मध्ये जपानी सरकारने सामान्यांना तलवार बांधून हिंडण्यास मनाई केली आणि या कारागिरांचा धंदाच बसला. लोहवाळूपासून पोलाद काढणारी ‘तातारा’ भट्टी शिमाने प्रांतात पुन्हा पेटली, ती १९७७ मध्ये.