ऑनलाइन चाचणी घेतली, म्हणजे आकारिक झालं?

भोकर तालुक्यातल्या शाळांमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आम्ही मोबाइलवरच चाचणी घेतो, गुण आपोआप येतात. झालं आकारिक!’

नाही, झालं नाही. गुगल फॉर्मवर वीस प्रश्न टाकले, गुणांचा तक्ता फाइलला लावला आणि दुसऱ्या दिवशी पुढचा धडा उघडला, तर मुलाच्या पदरात काय पडलं? २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प वगैरे. लेखी चाचणी हे त्यातलं फक्त एक. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेऊन स्पष्टच लिहिलं, की मिळालेल्या माहितीवरून शिकवणं बदललं, तरच ते मूल्यमापन आकारिक.

सहावीचा वर्ग घ्या. ०.८ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? अनेक मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. इथे तंत्रज्ञान खरंच कामाला येतं. ‘प्लिकर्स’ या ॲपची छापील कार्डं मुलांच्या हातात द्यायची. कार्डाची कोणती बाजू वर धरली, त्यावरून उत्तराचा पर्याय ठरतो. प्रत्येक कार्डावरची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही. शिक्षकांनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला, की कुणाचं काय उत्तर ते तिथल्या तिथे दिसतं. मग पुढचा धडा थांबवायचा. शंभर चौकोनांच्या जाळीवर ८० चौकोन रंगवायचे, शेजारच्या जाळीवर ३५, आणि थोड्या वेळाने ०.६ व ०.४७ विचारायचं. मूल्यमापन हे आहे. मोबाइलने फक्त चूक लवकर दाखवली.

‘प्रत्येक मुलाला टॅब हवा’ हा गैरसमज याच उदाहरणात निकालात निघतो. मोबाइल एकच, तोही शिक्षकांचा.

‘रेंज नाही, मग कसं करणार?’ पाट्यांवर उत्तरं लिहून एकदम वर धरायला सांगा, फोटो काढा, संध्याकाळी निवांत बघा.

‘कहूट’ या ऑनलाइन प्रश्नमंजुषेत पहिला आला तो हुशार, हेही चूक. तिथे एरवी बरोबर उत्तर जितकं लवकर, तितके गुण जास्त. सावकाश विचार करणारं मूल मागे पडतं, त्याला विषय पक्का येत असला तरी.

केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत गुणांचा तक्ता जरूर बघावा. पण त्याआधी विचारावं, की सर्वाधिक मुलांचा चुकलेला प्रश्न कोणता आणि त्यानंतर वर्गात पुन्हा काय शिकवलं.